सातव्या महिन्यातली खुर्ची

...आणि वर तो मुकादम मलाच विचारतो, आजोबा, स्टुलाला काय झालंय? अरे बाबा, स्टुलाला काय होणार, सातवा महिना लागलाय तो माझ्या सुनेला! कारखान्यात दिवसभर शर्टांच्या घड्या घालून खोक्यात भरायच्या, टेबल हे एवढं उंच, म्हणून स्टूलही उंच, बसायला वीतभर फळी, पाठीला टेका नाही, पाय लोंबकळतायत... घरी येते तेव्हा घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा पडतो, तो भरून यायचं नाव घेत नाही. तुम्हाला सांगतो, बसणं सोपं नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, पाठीला आधार हवा, पाय टेकलेले हवेत, पायावर पाय टाकायचा नाही, अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालायचं. आमचे चिरंजीव शहाणे, म्हणाले उशी नेऊ दे. नेली. दुसऱ्या दिवशी उशी घसरली आणि उशीबरोबर ही पण, शेजारणीनं दंड धरला म्हणून बाई वाचली. तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी चौथी नापास, पण चाळीस वर्षं सुतारकी केलीय, मी काय मेलोय?

दोरीनं तिचं माप घेतलं, सुताचा फरक नाही. उंच खुर्ची, पाठ जराशी कलती, पायाखाली आडवी फळी, दोन्ही बाजूंना हात. आता या वयात करवत तरी किती ओढणार, तीन आठवडे गेले. सूनबाई बसली... आणि अडकली. मी एका हाताला ओढतोय, चिरंजीव दुसऱ्या हाताला, आणि आमची म्हातारी दारातून म्हणते, "अहो, माप सहाव्यात घेतलंत, बसवताय सातव्यात." आता लाकूड सुकतं, आकसतं, हे मला ठाऊक; वाढणाऱ्या मापाशी माझा कधी संबंध आला? खुर्चीचे हात कापून टाकले.

खुर्ची खांद्यावर घातली आणि गेलो थेट तिच्या कामावर. मुकादम आडवा. एकीला खुर्ची दिली की तीसजणी मागतील म्हणे. म्हटलं, मागू देत, त्यांना काय पाठ नाही? तर म्हणे नियम आहे. मग मीही ती खुर्ची टेबलाशी लावली आणि ठाण मांडून बसलो. हलणार नाही म्हटलं, बघू कोण उठवतो! चांगला अर्धा तास तावातावानं बसलो, मग एक बाई हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसलात, पण ती उभी आहे की."

तुम्हाला सांगतो, बसणं सोपं नाही.

उठलो मुकाट्यानं. सूनबाई बसली, पाठ टेकली, पाय फळीवर ठेवले. मुकादम डोळे वटारून पुढं आला. एरवी ही पोरगी माझ्यासमोर मान वर करत नाही, पण त्याला शांतपणे म्हणाली, "साहेब, मी बसूनच घड्या घालणार. काम कमी पडलं तर बोला." तीसजणींचे हात थांबले. सगळ्या त्याच्याकडं बघायला लागल्या. तो कुणाकुणाकडं बघणार? घड्याळाकडं बघितलं आणि गेला आत.

आठवड्यानं तोच मुकादम माझ्या दारात. म्हटलं आला खुर्ची परत करायला. तर कमरेवर हात, चेहरा पडलेला, म्हणतो मालकांनी सगळ्यांना खुर्च्या करायला सांगितल्यात, तुमच्याच हातच्या हव्यात, पण आजोबा, आधी माझी करा, माझी पाठ गेलीय. म्हटलं, तुझा नंबर एकतिसावा, बाबा.

तेव्हापासून सुरू आहे. एका खुर्चीला तीन आठवडे लागतात, आणि रंधा काही बसून मारता येत नाही. सगळी दुनिया बसवायला निघालो... आणि मी हा असा उभा.