मुकादमाची मिठाची डबी

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या खाणीचे व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले दवाखान्याचे डॉक्टरसाहेब. आज सेवानिवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती सिस्टरबाई. आणि पहिल्या पाळीहून तोंड धुऊन, काही जण न धुताच, आलेल्या माझ्या बंधूंनो,

मी मुकादम. खाली ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हा माईक मला शोभेपुरताच. पुढच्या रांगेनं सांभाळून घ्यावं.

हजेरीपटावर बाईंचं नाव काही का असेना, आपण त्यांना काय म्हणायचो? फुगेवाल्या बाई! रागावू नका, बाई. दंडाला पट्टा बांधून तुम्ही तो फुगा दाबायला लागलात की भलेभले श्वास रोखून बसायचे. बीपीचा आकडा वर गेला तर खालचं काम सुटेल, ही धास्ती.

आता ही पत्र्याची डबी बघा. एकोणीस वर्षं माझ्या खिशात होती. खाली घाम असा गळतो की बुटात पाय चिकचिकतात. जुनी माणसं सांगायची, घाम गेला म्हणजे मीठ गेलं, ते परत घाला. म्हणून दर जेवणाच्या सुट्टीत मी टोळीतल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचो. धाकट्या भावाला दोन चिमटी. सख्खा भाऊ, तिथं हात आखडता कसा घेणार?

एक दिवस बाईंनी बोलावलं. "मुकादम, तुमच्याच टोळीचे आकडे सगळ्यांच्या वर का?" मी ऐटीत डबी दाखवली. त्या म्हणाल्या, "जेवणातलं मीठ पुरतं. तहानेला पाणी द्या. ही बंद करा." मी म्हटलं, "बाई, तुम्ही कधी खाली उतरलात का?" त्या बोलण्याची आजही लाज वाटते.

तीन महिन्यांनी भाऊ कामावरच कोसळला. उजवं अंग गेलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचारलं, "बाई, माझ्या मिठानं झालं का हो?"

"एकट्या मिठानं नाही," त्या म्हणाल्या. "उलटसुलट पाळ्या, मोडलेली झोप, ड्रिलचा आवाज, विडी, सुटलेलं पोट, वडिलांनाही हेच दुखणं होतं. पण मिठाचाही हात आहे, मुकादम. खोटं नाही सांगणार."

गोड बोलून त्यांना सुटता आलं असतं. त्या खरं बोलल्या, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. त्याच दिवशी डबी रिकामी केली. आणि चौथ्या दिवशी बघतो तर काय, बाई डोक्यावर टोपी घालून लिफ्टच्या पिंजऱ्यात हजर! खाली येऊन त्यांनी एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला. टोळीतले सहा जण बीपी फार वाढलेले सापडले, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या. त्यांची कामं जाऊ नयेत म्हणून बाई कोणाशी भांडल्या, ते अध्यक्षसाहेबांना आठवत असेलच! ते सहाही आज या सभागृहात बसलेत.

भाऊही आलाय, तो काय पहिल्या रांगेत. टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात. तो मांडीवर वाजवतोय, ऐका.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही जास्त पडलं असेल तर पोटात घाला. बाई, ही रिकामी डबी तुमच्यापाशी राहू द्या. माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. तुम्ही जे मीठ आम्हाला खाऊ दिलं नाहीत, त्याला आम्ही जन्मभर जागू.