तिचा डेस्कटॉप, माझा डेस्कटॉप

नाही नाही, ती पिशवी नको, तिचा तळ गेलाय. ही घे, कंपनीची आहे. साड्या खाली घाल, लॅपटॉप वर — लॅपटॉप कसला, छोटाच आहे, नेटबुक म्हणतात त्याला. पण शीतलचाच तो, लग्नात तुम्हीच दिलेला, तेव्हा ने. माझं काही म्हणणं नाही. मी आत्ताच नाइट करून आलोय भिका, डोळे चुरचुरतायत, म्हणून असा बसूनच बोलतोय, राग मानू नको. बहिणीचं सामान न्यायला आलो तर दाजींनी चहासुद्धा विचारला नाही, असं म्हणशील घरी. दूध नाहीये.

थांब, चालू करून दाखवतो, नाहीतर म्हणाल बिघडवून दिला. जुना आहे, वेळ घेतो. विंडोज यात चालेना म्हणून आमच्या प्लांटमधल्या नारायणने लिनक्स टाकून दिलं. हे बघ, पासवर्ड मागतोय ना, त्याच्या कोपऱ्यात हे चिन्ह — ते दाबलं की दोन नावं येतात. दोन डेस्कटॉप. एक माझा, एक तिचा. मशीन एकच, आतल्या फायलीही त्याच, फक्त मांडणी वेगळी. माझा साधा, पट्टी खाली, बाकी मोकळं. तिचा सजवलेला — पट्टी वर, मागे फुलांचा फोटो, टायपिंगचं चिन्ह मोठं. टायपिंग शिकत होती ना, कारखान्यातल्या मशीनवरून उठून सिल्वासात ऑफिसचं काम बघायचं होतं तिला. नारायण म्हणाला, दोघांची वेगळी खाती करून देतो. तर शीतलच म्हणाली, नवरा-बायकोत कसली वेगळी खाती, एकच असू द्या. मग एकच नाव, एकच पासवर्ड, आणि जो बसेल त्याने आपला डेस्कटॉप निवडायचा. आणि शेवटी ज्याचा उघडला असेल तोच पुढच्या वेळी आपोआप येतो — हे लक्षात ठेव, सगळी गंमत तिथेच झाली. गंमत म्हणजे — असो.

तिची डे शिफ्ट, माझी नाइट. मी खोलीवर पोचायच्या आधी ती नाक्यावरून बसने गेलेली, ती यायच्या आधी मी. इथे नरोलीत अशी जोडपी म्हणशील तेवढी आहेत. तर सकाळी मी हे लावलं की तिचा डेस्कटॉप यायचा — म्हणजे बाई रात्री आली, टायपिंग केलं, झोपली. बरी आहे. मग मी माझा निवडायचो. रात्री तिला माझा दिसायचा, ती तिचा निवडायची. फोन? फोन कशाला, कळत होतं की सगळं. आणि फोनवर बोलायचं तरी काय — गॅस संपला, भाडं दिलं?

मग एका सकाळी लावलं तर माझाच आला. दुसऱ्या दिवशीही माझाच. तिसऱ्या दिवशीही — मला बरं वाटलं, भिका. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. म्हटलं, तिने आपला सोडून माझा धरला. कॅन्टीनमध्ये नारायणला सांगितलं, तो म्हणाला पार्टी दे. अंथरूण? घडी घातलेलंच होतं की — मीच घातलेलं, आदल्या दिवशी. हंडा रिकामा होता, तो मी भरला. म्हटलं, उशीर झाला असेल तिला. जेवण माझं मेसचं. दोरीवर तिची ओढणी होती. शुक्रवारी मीच फोन केला — हो, मीच केला, एवढं तरी सांग घरी. आणि पहिलं काय विचारलं असेल मी? "आवडला का माझा डेस्कटॉप?" ती म्हणाली, "मी सोमवारपासून आईकडे आहे."

चिडली नव्हती. चिडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं. मला? मला काही झालं नाही. फोन ठेवला, झोपलो, उठलो, ड्युटीला गेलो. दात काढताना सुई टोचतात ना, तसं झालंय, अजून उतरलेलं नाही.

काय? — हे तिने सांगितलंय की तुझं तू बोलतोयस? तिने. डे मागून घ्या, मी परत येते — असं. एवढंच म्हणाली? — मिळेल की डे, न मिळायला काय झालं. सुपरवायझर भास्कर आपल्या शहाद्याचाच, शब्द टाकला तर सोमवारपासून देईल. मागे त्यानेच विचारलं होतं. मीच नको म्हटलं. का म्हणजे — कसं सांगू तुला. दिवाळीत कंपनी बंद होती, दोघंही घरी. पणत्या लावल्या, जेवलो, आणि मग ती त्या भिंतीशी, मी या भिंतीशी. दोघंही जागे, एकाच वेळी. काय बोलायचं तेच मला सुचेना. ती वाट बघत होती, दिसत होतं मला. शेवटी मी हे मशीन काढलं, तर म्हणाली, लावा, तुमचाच लावा. — आता रोज तसं? रोज संध्याकाळी?

आत्ताच सांगायला हवं का? हो, विचारेल ती. तू गाडीत बसलास की तिचा फोन येईल. सांग — नाही, काही नको. सांग, दाजी झोपले होते. चार्जर घे, तो खिडकीत आहे. भिलाडला जाऊ नको, तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वापीलाच जा, सुरतेला बदल. मला झोप येतेय, भिका. जाताना दार ओढून घे.