फुमिएबाईंनी पिसलेले पत्ते

बेप्पू या जपानमधल्या गरम झऱ्यांच्या गावी, दवाखान्यात हाताच्या व्यायामासाठी मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर जादूगार तोकिझो आणि त्यांची बायको फुमिए. अर्धांगवायूनं तोकिझोंचा उजवा हात लुळा पडलेला. मांडीवर प्लॅस्टिकचे पत्ते विस्कटलेले.

“निसटतात गं. कागदाचे असते तर धरता आले असते.”

“कागदाचे, आपले प्रयोग व्हायचे त्या हॉटेलातल्या गरम कुंडांच्या वाफेनं फुगायचे, म्हणून तुम्हीच हे घेतलेत. आता त्यांना नावं ठेवू नका.”

“शनिवारी नातीच्या बालवाडीत काय दाखवू? येत नाही म्हणून कळव.”

“द्या इकडे. एक पत्ता ओढा.”

“तू? चाळीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून नुसती हसायचीस.”

“हसत होते, डोळे मिटून नव्हते घेतले. ओढा. बघितलात? आता आत घाला.”

“किती ताठ बोटं तुझी! खालचा पत्ता दिसतोय.”

“दिसू दे. हा घ्या तुमचा. बदामाची सत्ती.”

“अगं...”

“चुकलं का?”

“बरोबर आहे! पण मी तर खालच्या पत्त्यावर नजर ठेवून होतो.”

“म्हणून तर तो दिसू दिला.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच. रोज संध्याकाळी, दोन प्रयोग. शनिवारी पत्ते मी पिसते. तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि चकित व्हायचं.”

“मला नाही जमायचं ते.”

“अहो, अजून तोंड उघडंच आहे तुमचं.”