मोठ्या आईच्या मुठीतली शाल

अगं, आमच्या आंधळगावच्या घरात एक नियम आहे आणि तो का, हे विचारायचं नसतं. पोरगी पाहायला पाहुणे आले की तिचं डोकं उघडं दिसता कामा नये. मला हे लग्नच नको, असं आठवडाभर सांगत होते. ऐकतं कोण! मी साडी न नेसता ड्रेस घातला म्हणून मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या काकूने, स्वतःची शाल माझ्या डोक्यावर टाकली आणि घसरू नये म्हणून मागे बसून तिचं टोक मुठीत धरलं.

लाखांदूरहून आलेले मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी इंग्रजीत एमए हाय म्हनते. सांग बरं, एस्केप म्हंजे काय?"

"सुटून जाणं."

"थे तं आमच्या शाळेतल्या पोट्ट्यालेही येते. तुले कॉलेजात जास्तीचं काय शिकवलं?"

"शब्द कुठून आला, ते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता झग्यातून बाहेर पडणं. मागून कोणी झगा धरला, तर झगा त्याच्या हाती सोडायचा आन् आपण निघून जायचं."

मामा खो खो हसले. "असं कुठी होते का वो?"

"होते ना मामाजी, पाहा."

मी उठून उभी राहिले. शाल मागेच राहिली.

बाबा ओरडले, "बस खाली!"

"नाही बसत. धरून बसवावं लागते, असं लग्न मले करायचं नाही."

मोठी आई अजून शालीचं टोक घट्ट धरून बसली होती.