एक नंबरची खाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय प्राचार्य महोदय. व्यासपीठावर बसलेले, आणि हार गळ्यात असल्यामुळे मान वळवू न शकणारे आपले तिन्ही सत्कारमूर्ती, जनरलसाहेब, ॲडमिरलसाहेब आणि एअर मार्शलसाहेब. स्वागत समितीचे सारे सभासद, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना या जगात पहिला चिमटा मी काढलेला आहे. तेव्हा ओळखीची गरज नाही.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला उठून माइकपर्यंत यायलाच दोन लागतात. म्हणून आधीच सांगते, चिठ्ठी पाठवू नका. चष्मा मी घरी ठेवून आले आहे.

प्राचार्यांचं भाषण आत्ता फार सुंदर झालं. एकाच तारखेला जन्मलेले किती सेनापती इतिहासात होऊन गेले ते त्यांनी सांगितलं. कुणी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून लढले, कुणी एकमेकांवर तोफा डागल्या. मी कान देऊन ऐकत होते. पण प्राचार्य, मला एक सांगा, एवढ्या जाड जाड पुस्तकांत त्यांच्यापैकी एकाच्या तरी सुईणीचं नाव आहे का? नाही ना? मग त्यांची तारीख खरी की खोटी, हे कुणी कुणाला विचारलं? असो. त्यावर येईनच.

आपलं गाव म्हणजे भाग्याचं. एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात तीन मुलं जन्माला यावीत, एक भूदलात, एक नौदलात, एक हवाई दलात जावं, आणि तिघांनीही अगदी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढावं! आज एक तारखेला तिघांना साठ पूर्ण झाली. तिघंही वर्दी उतरवून घरी परत आले. लोक याला निरोप समारंभ म्हणतात. मी म्हणेन, डिस्चार्ज मिळाला.

आता मला इथे कशाला बोलावलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. या तिघांचं लहानपणापासून एकच भांडण: थोरला कोण? पहिली बॅटिंग कुणाची, खिडकीची जागा कुणाची, सगळं त्यावर ठरायचं. जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं. तिघांच्या आयांनी तिघांना सांगून ठेवलं, बाळा, तूच आधी. शेवटी तिघांनी पैज लावली, की साठाव्या वाढदिवशी सिस्टरबाई जाहीर करतील, आणि जो थोरला ठरेल त्याला बाकीच्यांनी भर सभेत सॅल्यूट ठोकायचा. या सभागृहाच्या दाराशी जी पाटी लागणार आहे, तिच्यावरही नावं त्याच क्रमाने. रंगारी रंग कालवून बसला आहे.

गेल्या आठवड्यात तिघांचेही फोन आले हो मला. वेगवेगळे! जनरलसाहेब म्हणाले, "सिस्टर, खरं तेच सांगा. फक्त मी थोरला आहे एवढं लक्षात असू द्या." ॲडमिरलसाहेबांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग हळूच विषय काढला. एअर मार्शलसाहेबांनी फोनवर नुसता माझा पत्ता विचारला आणि फळांची टोपली पाठवली. टोपली मी ठेवून घेतली आहे. निकालावर तिचा परिणाम होणार नाही.

तर ऐका. दवाखान्यात नोकरीला लागून मला सहा दिवस झाले होते. वय बावीस. बाळंतिणींच्या खोलीत चार खाटा. मी यांना आजही खाटेच्या नंबरानेच ओळखते.

खाट नंबर दोन, जनरलसाहेब. अकराच्या सुमारास आले, आणि मिनिटभर रडलेच नाहीत. आमच्या मेट्रनबाईंनी पाय धरून उलटं केलं आणि दिली एक सणसणीत. शत्रूच्या हातून यांनी कधी मार खाल्ला नाही म्हणतात. पहिल्याच दिवशी कोटा संपला होता.

खाट नंबर तीन, ॲडमिरलसाहेब. दुपारी एक. आल्या आल्या माझा नवाकोरा ॲप्रन भिजवला. लाजू नका साहेब, तुमचा पाण्याशी संबंध तिथूनच सुरू झाला.

आणि खाट नंबर चार, एअर मार्शलसाहेब, दुपारी चार वाजता. पायाळू! आधी पाय, मग डोकं. आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण विमान उतरवताना चाकंच आधी टेकवायची असतात, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

वाजवा टाळ्या. जनरलसाहेब, कॉलर ताठ करू नका एवढ्यात. मी दोन, तीन, चार असं मोजलं. एवढं शिकलेलं सभागृह, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की म्हातारे, एक नंबरची खाट कुठे गेली?

त्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा एक नंबरच्या खाटेवर एक बाई कळा देत होती. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याची बायको. पहिलटकरीण. माझ्या हातचं ते पहिलं बाळंतपण. पोरगं बाहेर आलं आणि नेमका त्याच क्षणी कारखान्याचा सातचा भोंगा झाला. भोंगा इकडून, पोरगं तिकडून! मेट्रनबाई म्हणाल्या, "आवाज बापावर गेलाय." मुलगा झाला, वेळ सात. रजिस्टर मेट्रनबाईंच्या कुलपात असायचं, म्हणून आम्ही नर्सा वेळ तळहातावर लिहून घ्यायचो आणि ड्यूटी संपताना रजिस्टरात उतरवायचो. मीही लिहिली. आई-बाळाला वरच्या वॉर्डात पाठवलं, एक नंबरची गादी धुऊन उन्हात टाकली, आणि पुढच्या बाळंतपणासाठी कोपरापर्यंत हात घासून स्वच्छ धुतले.

हो. तेच झालं. हातावरचं सगळं साबणासंगं मोरीत.

त्यानंतरच्या तिघांचं मी शहाणपणाने चिकटपट्टीवर लिहून ॲप्रनला लावलं. संध्याकाळी पट्टीवर तीन होते, रजिस्टरात तीन उतरले. मेट्रनबाईंनी खाली रेघ मारली, मोठ्या डॉक्टरांची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणे मोजले तर चार! सही झालेलं पान उघडायचं म्हणजे मोठ्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं. माझ्या नोकरीचा सातवा दिवस. मी नव्या पानावर, नव्या तारखेला, सगळ्यात वर त्याचं नाव लिहून मोकळी झाले. त्याची आई मला म्हणाली, "अहो सिस्टर, माझा मुलगा काल झाला." मी काय म्हणाले? "अहो ताई, एका दिवसाने काय बिघडतंय?"

हॅलो! बटनाला हात लावू नकोस. तुझंच बोलते आहे.

मंडळी, त्या कोपऱ्यात मशीनवर वाकून बसलेला माणूस. गावातल्या प्रत्येक सभेला, प्रत्येक बारशाला माइक लावणारा. तुम्ही सगळे त्याला हॅलो म्हणता. हा शाळेत सांगायचा, माझापण वाढदिवस एक तारखेला. हे तिघं हसायचे, "दाखला दाखव!" दाखल्यावर दोन. जनरलसाहेब, तुम्ही त्याला खोटारडा म्हटल्याचं तुमच्याच आईने मला सांगितलं होतं. तुमचीही चूक नाही. लेकरं कागदावर विश्वास ठेवतात.

अठराव्या वर्षी चौघांनी मिळून सैनिकी प्रबोधिनीचे अर्ज भरले. चौघं एकत्र पळायचे, एकत्र पोहायचे, आणि त्यांचे मास्तर सांगायचे की चौघांत हाच पुढे असायचा. वयाची अट होती, एक तारखेपर्यंत जन्मलेले. तीन अर्ज मंजूर झाले. एक परत आला. एका दिवसाने.

तेव्हा त्याची आई माझ्याकडे दुसऱ्यांदा आली. याला सोबत घेऊन. "सिस्टर, दोन ओळी लिहून द्या," म्हणाली. मला मेट्रनची बढती मिळणार होती. मी म्हणाले, जुनी रजिस्टरं कोठीत गेली, आता काही होत नाही. तेव्हा रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. वाळवी पुष्कळ नंतर लागली.

पुढची परीक्षा यायच्या आत त्याचे वडील शिडीवरून पडले आणि दुकान याच्या गळ्यात आलं. मला त्या खोट्याची लाज वाटते. बेचाळीस वर्षं वाटते आहे. हा मात्र मला एका शब्दाने बोलला नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी यानेच येऊन माइक माझ्या उंचीचा केला आणि म्हणाला, "जरा जवळून बोला बाई, मागे ऐकू जायला हवं." त्याची आई गेली, तेव्हाही तिचं म्हणणं खोटंच होतं. कागदावर.

काय झालं? गेला का आवाज? बंद केलास ना? कर, खुशाल कर! बाळंतिणींवर ओरडून ओरडून कमावलेला गळा आहे हा, मला माइक लागत नाही. मागच्यांना ऐकू येतंय? येतंय. बघ!

आता असं कर, तुझा माइक बिघडलाय, तर वर ये आणि दुरुस्त कर. ये. पायऱ्या इकडून. समितीचे सभासद, जरा वाट द्या त्याला. चाळीस वर्षं हा माणूस या व्यासपीठावर सभेच्या आधी चढतो आणि सभा सुरू व्हायच्या आत उतरतो. धरा हो त्याला, पळेल तो.

तर निकाल. चौघांत थोरला हा. सकाळी सात वाजता, भोंग्याच्या साक्षीने. मी तसं लिहून, सही करून आणलं आहे. निवृत्त बाईच्या सहीला सरकारात किंमत नाही, हे मला माहीत आहे. पण पाटीवर "एकाच दिवशी जन्मलेले आपल्या गावचे सुपुत्र" एवढंच लिहायचं ठरलंय ना? त्यात वर्दी कुठे आली? रंगाऱ्याला सांगा, चार ओळी.

आणि साहेब, पैजेचं काय? मी कुणाला आग्रह... अरे! उठले की तिघंही. ॲडमिरलसाहेब, काठी हातात राहू द्या, पडाल. जनरलसाहेब, रडताय होय? तेव्हा मिनिटभर रडला नव्हतात, आज भरपाई. पुरे, हात खाली घ्या आता. त्याच्या एका हातात वायर आहे, दुसऱ्यात माइक, तो बिचारा तुम्हाला उलट सॅल्यूट करणार कसा?

बोल रे काहीतरी. झाला का माइक चालू? बोल. तुझ्या आईसाठी बोल.

ऐकलंत? साठ वर्षांचा झाला, पण माइक हातात आला की याचं एकच वाक्य. "हॅलो, आवाज येतोय का?" अरे, जन्मभर हे तू रिकाम्या खुर्च्यांना विचारत आलास. आज सभागृह भरलंय. सांगा हो त्याला कुणीतरी!

अजून जोरात. त्याला सवय नाही उत्तराची.

बस्स. समितीने मला बोलावलं, तिन्ही साहेबांनी बोलू दिलं, सूत्रसंचालकांनी चार चिठ्ठ्या पाठवूनही मला खाली खेचलं नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, मानापमानात उणंअधिक झालं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. मात्र त्या एका दिवसाची माफी मी सभेकडे मागत नाही. ती याच्याकडे मागते, तुम्हा सर्वांसमोर, याच्याच माइकवरून.

काय म्हणालास? "जरा जवळून बोला बाई"?

बोलते, बाळा. माझं चुकलं. तू एक तारखेचाच.