मार्था आत्याचा बाप्तिस्मा

आमच्या मार्था आत्याचं सांगतो. गावात नुकतंच केबल आलतं, तेव्हाची गोष्ट. दिंद्रुडला एक नवे पाळक आले. म्हणाले, "पंथबिंथ सोडा, पहिल्या ख्रिस्ती लोकांसारखे सगळे एक होऊ. फक्त डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा चालत नाही, पाण्यात बुडूनच घ्यावा लागतो."

आत्या लई खूश झाली. विहिरीत कमरेइतक्या पाण्यात उतरली आन् तिथंच थांबली.

"पाळकसाहेब, आमच्या मालकांवर तर नुसतं शिंपडलंच होतं. ते गेले. आता त्यांचं काय?"

पाळक खाली बघत म्हणाले, "ते देवाच्या हाती."

"एक करायला आलात ना? मग मला त्यांच्यापासून काहून तोडता?"

ती तशीच ओल्या लुगड्यात वर आली. पाळक नंतर माफी मागायलाही आले. आत्यानं चहा पाजला, पण मरेपर्यंत कुठल्याच चर्चात गेली न्हाई.