तुरीचं वाण

काकू, आणि दिंद्रुडकर मंडळी,

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. रडूही येत नाही. सोमवारी शिवलिंगअप्पा दुकानात बसल्या जागी गेले. आज सकाळी मी हे चार शब्द लिहिले आणि सवयीनं त्यांनाच पाठवायला फोन उघडला. म्हटलं, अप्पा काटछाट करतील. मग लक्षात आलं.

तुमच्यासाठी अप्पा म्हणजे वह्या-पेनांचं दुकान, आणि पेपरचे वार्ताहर. आम्हा कृषी संशोधन केंद्रातल्या लोकांसाठी ते वेगळे होते. आमचं काम फाईलीत पडून राहायचं. ते पेपरात यायचं, ते अप्पांमुळे. त्यांचा एक नियम होता. आम्ही लिहिलेलं ते दुकानात मोठ्यानं वाचायचे. "गिऱ्हाइकाला कळलं न्हाई तर छापायचं न्हाई. मॅडम, एका वाक्यात सांगा की!" लई राग यायचा मला. आठ वर्षांचं काम एका वाक्यात कसं सांगायचं?

ते काम म्हणजे मर रोगानं न वाळणारी तूर. बी वाटायचं ठरलं, जानेवारीत. अप्पा म्हणाले, "बियाणं लिवा." मी म्हटलं, शास्त्रीय शब्द वाण आहे, वाणच छापा. आणि हो, ही बातमी दुकानात वाचायची नाही. अप्पांनी तसंच धाडलं. छापून आलं, "केंद्रात रविवारी नव्या वाणाचे वाटप."

हसा, हसलात तरी चालेल. संक्रांत नुकतीच झाली होती. रविवारी फाटकाबाहेर बायाच बाया! काठापदराच्या साड्या नेसून, नटूनथटून, हळदीकुंकवाचं वाण घ्यायला. शेतकरी एक नाही. मी तलवाड्याची, याच जिल्ह्यातली, आईबरोबर वाण लुटत वाढलेली. तरी मला कळलं नाही. मी शिपायाला म्हटलं, त्यांना परत पाठवा.

तेवढ्यात अप्पा स्कूटरवरून आले. म्हणाले, "वाण घ्यायला आलेली बाई रित्या हातानं धाडता व्हय? मग बातमी त्याचीच हुईल." त्यांनी पेपरचा गठ्ठा फाडला आणि पुड्या बांधायला बसले. एकेक ओंजळ तूर. आम्हीही बसलो.

रुक्मिणमावशी मात्र रांगेबाहेर, बाभळीखाली उभ्या होत्या. सुनेबरोबर आलेल्या. विधवेला वाण कोण देतो? अप्पा पुडी घेऊन त्यांच्याकडे गेले. मावशींनी हात मागं घेतला. "अप्पा, मला कावून देता? मला चालत न्हाई."

अप्पा म्हणाले, "मावशे, तुरीच्या वाणाला नवरा लागत न्हाई. घ्या."

मावशींनी पदर पसरला. मग कुणीतरी हसलं, आणि सगळ्याच हसल्या.

त्या पुड्या मृगापर्यंत डब्यांत राहिल्या आणि बांधाबांधाला पेरल्या गेल्या. शेजारची तूर उभी वाळली, ही वाळली नाही. मग पुरुष आले बी मागायला. अप्पांनी बातमी केली. मी विचारलं, एका वाक्यात काय लिहिलं? म्हणाले, "बायकांनी वाण म्हणून नेलेली तूर वाळली नाही." मला आठ वर्षांत ते जमलं नव्हतं. अप्पा, तुम्हाला मी कधी साधं शाबास म्हटलं नाही. चूक माझी होती, हेही कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

रुक्मिणमावशी आज मागं बसल्या आहेत. आणि पुढं काकू बसल्या आहेत. काकू, माझ्याकडं बघा. परवा तुम्ही म्हणालात, आता माझी संक्रांत संपली. ते मला ऐकवलं नाही. मला अजून काही कळत नाही, अप्पा गेले हेसुद्धा नीट कळत नाही. एवढंच कळतं की संक्रांतीला मी पुडी घेऊन तुमच्या दारात येणार आहे. मावशी माझ्याबरोबर येणार आहेत, मी विचारलंय त्यांना. हात मागं घेऊ नका. तुरीच्या वाणाला नवरा लागत नाही, हे तुमच्याच घरच्या माणसानं सांगितलंय.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.